मासा आते खास नही : हतनूर ते प्रकाशा, चार दिवस

आधी कारण सांगतो, नाहीतर डिसेंबरच्या थंडीत खान्देशात कोणी माशांची पोटं बघायला जातं का असं वाटेल. संगमनेरजवळ आमचं शेततळं आहे, त्यात हौस म्हणून रोहू, कटला, मृगळ सोडलेत. मागच्या हिवाळ्यात मी आणि भावाने दिवाळीत जेवढं खाद्य टाकायचो तेवढंच डिसेंबरातही टाकणं चालू ठेवलं. मासे वर येईनात. आम्हाला वाटलं कमी पडतंय, म्हणून अजून एक डबा. पंधरा दिवसांत पाण्याला वास सुटला आणि एका पहाटे बत्तीस मासे पांढरी पोटं वर करून तरंगताना दिसले. न खाल्लेलं सगळं तळाशी कुजलं होतं आणि त्याने पाण्यातला ऑक्सिजन खाऊन टाकला होता.

हे माझ्या शाळेतल्या मित्राला सांगितलं, तो आता कॉलेजात प्राणीशास्त्र शिकवतो, आम्ही सगळे त्याला सरच म्हणतो. तो एवढंच म्हणाला, "तू माशाला तुझ्या भुकेने वाढतोस." पाणी जेवढं गार तेवढं माशाचं अंग गार, अंग गार झालं की पचन मंद, मग भूक कुठून येणार. तो जूनपासून तापीकाठच्या पाणथळीतल्या माशांच्या पोटात काय सापडतं याच्या नोंदी ठेवतोय, दर दीड-दोन महिन्यांनी जातो. यावेळी म्हणाला, चल, गाडी तुझी आणि थैली धरायला पण तूच.

दिवस पहिला : हतनूर

संगमनेरहून पहाटे निघालो, मनमाड-चाळीसगाव-जळगाव करत दुपारी भुसावळ. मुक्काम सरांच्या मावशीकडे. चहा घेतला आणि लगेच हतनूर धरणाच्या फुगवट्याकडे निघालो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हतनूर म्हणजे तापीवरचं ४१ दरवाज्यांचं धरण, आणि त्याच्या मागे चांगदेवपर्यंत पसरलेलं उथळ पाणी. पूर्णा नदी चांगदेवलाच तापीला मिळते. दोन्ही नद्या पावसाळ्यात भरपूर गाळ आणतात, त्यामुळे फुगवटा बराच भरत आलाय, आणि धरणाचं जे नुकसान तेच पाणथळीचं भांडवल झालंय. गुडघाभर, कंबरभर पाणी, खाली मऊ गाळ, त्यात पाणवनस्पतींचं रान. हिवाळ्यात हजारो बदकं उतरतात ती उगाच नाही.

काठावर एका भोई कुटुंबाची झोपडी होती. होडी नुकतीच लागली होती, मामा जाळं झटकत होते आणि मामी विळीवर मासे साफ करत बसल्या होत्या. सरांना ते ओळखतात. माझ्याकडे बघून मामा म्हणाले, "हे पण मास्यायचे पोटं पाह्याले आले का?" मी हो म्हटलं तर मामी इतक्या हसल्या की विळीवरून हात बाजूला घ्यावा लागला.

सरांनी केळीचं पान पसरलं (इथे कागद शोधण्यापेक्षा केळीचं पान लवकर मिळतं) आणि मामी जी आतडी फेकून देणार होत्या ती एकेक करून त्यावर मांडली. मी आयुष्यभर मासे खाल्लेत पण हे कधी नीट बघितलं नव्हतं. रोहूला आपल्यासारखं जठर नसतंच. तोंडापासून शेवटपर्यंत एकच लांबलचक आतडं, दोऱ्याच्या गुंड्यासारखं गुंडाळलेलं. हातभर रोहूचं आतडं उलगडायला घेतलं तर पान संपलं, दुसरं पान जोडलं, ते पण संपलं. तीन मीटरच्या वर भरलं! शेवाळ आणि वनस्पती पचायला जड, म्हणून एवढी लांबण. आणि शेजारी मरळ, तिचं आतडं वीतभर, वर एक जाडसर पिशवी. पिशवी कापली तर आत एक अख्खी चिलापी (तिलापिया मासा), शेपटी शाबूत, डोकं विरघळायला लागलेलं. मांस खाणाऱ्याला लांब आतडं लागत नाही.

मृगळाच्या आत नुसता काळा गाळ. मला वाटलं हा मासा आजारी होता. सर म्हणाले, नाही, तो तळाचा गिऱ्हाईक, कुजका पालापाचोळा आणि त्यावर वाढणारे बारीक जीव गाळासकट ओढतो. कटल्याच्या आत हिरवट-तपकिरी पातळ पदार्थ, भिंगाखाली धरला तर पाण्यातल्या पिसवांचे तुकडे. कटल्याचं तोंड वरच्या बाजूला उघडतं आणि कल्ल्यात कंगव्यासारखी दाट गाळणी असते, पाणी आत घेतो, गाळून बाहेर टाकतो. म्हणजे एकाच पाण्यात तीन मजले, वर कटला, मध्ये रोहू, तळाला मृगळ. शेततळ्यात हे तीन एकत्र का सोडतात ते मला कोणीतरी पाच वर्षांपूर्वीच सांगायला हवं होतं.

पण खरी गंमत भरण्याची. सरांच्या वहीत प्रत्येक पोटापुढे एक शेरा असतो : रिकामं, पाव, अर्धं, पाऊण, भरलं, टम्म. ऑक्टोबरच्या पानावर नुसतं "भरलं, भरलं, टम्म, पाऊण". आजच्या पानावर "पाव, पाव, रिकामं, पाव, अर्धं". जून-जुलैच्या पानावर माद्यांपुढे ओळीने "रिकामं". मी विचारलं पावसाळ्यात एवढं खायला असून रिकामं का. उत्तर मामींनीच दिलं, "अंड्यांनं पोट भरेल राह्यते त्यायचं, खातीन कुठी?" बरोबर आहे, अंडाशय इतकं फुगतं की आतड्याला जागाच उरत नाही, आणि त्या दिवसांत त्यांना खाण्यापेक्षा चढत्या पाण्याची घाई असते. अंडी घालून झाली की मग जो हावरटपणा सुरू होतो तो थेट थंडी पडेपर्यंत.

रात्री मावशीकडे त्याच माशांचा काळ्या मसाल्याचा रस्सा. झणझणीत. सरांनी तीन वेळा नाक पुसलं, ते भुसावळचे असून.

टीप : ताजा मासा हवा असेल तर सकाळी ९ च्या आत काठावर जा आणि रोख पैसे न्या. फोटो काढण्याआधी विचारा, आणि बायका साफसफाई करत असतील तर आधी बसून चार गोष्टी बोला. गाळाच्या काठावर चप्पल घालून उतरू नका, माझी एक चप्पल अजून तिथेच आहे.

दिवस दुसरा : होडी, वारकरी आणि भरीत

सकाळी मोबाईल ९ अंश दाखवत होता. पाण्यावर धुकं, त्यातून फक्त आवाज येत होते. मामा म्हणाले एवढ्या सकाळी जाळं टाकून उपयोग नाही, पक्षी बघायचे तर चला. चक्रवाकांची जोडी दर दोन मिनिटांनी भोंगा वाजवत होती. थापट्या बदकं फावड्यासारखी चोच पाण्यात घालून गोल गोल फिरत होती, ती पण गाळूनच खातात, कटल्याचेच भाऊबंद म्हणा. आणि वारकरी, काळे, कपाळावर पांढरा टिळा, शेकड्याने, सगळे पाणगवत उपटण्यात मग्न. त्यांनी गवत उपटलं की त्याला चिकटलेल्या गोगलगायी आणि किडे सुटतात, आणि चिल्लर मासे ते गोळा करायला खाली जमतात. मी हे होडीच्या कडेवरून स्वतः बघितलं, पाणी आता इतकं निवळ आहे.

हे निवळपण म्हणजेच हिवाळ्याची मेख आहे असं सर म्हणतात. पावसाळ्यात पाणी चहासारखं असतं, ऊन आत शिरत नाही, बारीक प्लवंग (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) पुराबरोबर वाहून जातात, मग मासा बाहेरून आलेल्यावर जगतो : गांडुळं, मुंग्या, टोळ, गवताचं बी. वाम आणि मांगूर यांची तर तेव्हा चैन असते. पाऊस थांबला, गाळ खाली बसला की नद्यांनी आणलेलं सगळं खत, वर ऑक्टोबरचं ऊन, आणि पाणी हिरवं होतं. तो सणाचा महिना. डिसेंबरात ताटं मांडलेली असतात, शेवाळ आहे, किडे आहेत, तळात लाल अळ्या आहेत, पण जेवणाऱ्यालाच भूक नाही.

मामा होडी काठाच्या हरभऱ्याकडे घेऊन गेले. हो, हरभराच, अगदी पाण्याला लागून. पाणी उतरलं की उघड्या पडलेल्या जमिनीवर लोक पेरतात, गाळपेर म्हणतात त्याला, खत घालावंच लागत नाही. मामांनी वल्ह्याने शेत दाखवलं आणि म्हणाले, "हे आता त्यायचं. आखाडात मास्यायचं. सरकारी सात-बाऱ्यावर मास्याचं नाव नाही, एवढंच." पाणी चढलं की हीच धसकटं, हाच पाला बुडून कुजतो आणि रोहूची पिल्लं त्यातच वाढतात. पिल्लं म्हणजे आईबापासारखी शाकाहारी नव्हेत बरं, बारीक असताना ती पण पिसवाच खातात, मोठी झाली की शेवाळाकडे वळतात. मरळीचं पण तसंच, बारीकपणी पिसवा, मग किडे, मग बेडूक आणि मासे. फरक एवढाच की मरळीची पिल्लं लाल गोळ्यासारखी एकत्र फिरतात आणि खाली आईबाप पहारा देतात. मामांच्या मुलाने त्या गोळ्यात बोट घातलं होतं लहानपणी, त्याच्या बोटावरची खूण मला दाखवली.

दुपारी बारानंतर जाळं लावलं आणि दीड तासात काढलं. मासा दुपारी उन्हाच्या उथळ पाण्यात येतो, हे त्यांचं गणित. आलेल्या नऊ माशांत चार चिलापी. आणि चिलापीची पोटं टम्म! म्हणजे थंडीचा नियम हिला लागू नाही का? सर म्हणाले लागू आहे, जानेवारीत बघ, पण ती उथळ उन्हाला चिकटून बसते आणि कशालाच नाही म्हणत नाही. तिच्या जठरात आम्ल एवढं तीव्र असतं की ज्या निळ्या-हिरव्या शेवाळाला बाकीचे मासे पचवू शकत नाहीत तेही फुटतं. मामांचं मत वेगळं, "ते मासं नाही, ते घूस आहे." मला मामांचं जास्त पटलं.

संध्याकाळी चांगदेवच्या देवळात गेलो. बारीक कोरीव काम, दगडी, शांत, आणि मागे संगमाचं पाणी सोनेरी झालेलं. एक कैकर (मासेमार गरुड) मोठा मासा पायात धरून जात होता, माशाचं तोंड पुढे, विमानासारखं. अर्धा तास कोणी काही बोललं नाही.

रात्री बामणोदजवळ सरांच्या ओळखीच्या शेतात भरीत. हिरवी, पांढरट रेघांची लांब वांगी, कापसाच्या काड्यांवर भाजलेली, ठेचून, हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे, आणि कळण्याची भाकरी. जळगावच्या भरीताच्या वांग्याला २०१६ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालंय, पण त्यापेक्षा मोठं प्रमाणपत्र म्हणजे मी चार भाकऱ्या खाल्ल्या. शिल्लक भरीत डब्यात भरून दिलं. हा डबा लक्षात ठेवा.

दिवस तिसरा : डिकीतला अपघात आणि अनेर

फैजपूर, यावल, चोपडा, शिरपूर, म्हणजे बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्ता. डावीकडे केळी, उजवीकडे सातपुडा, खाली खड्डे. एका खड्ड्यात गाडी अशी आदळली की मागून काचेचा आवाज आला. सरांची फॉर्मेलीनची बाटली. आतडी टिकवायला पाण्यात मिसळून वापरतात ते, नाकाला आणि डोळ्याला आग लावणारं. थांबलो, डिकी उघडली आणि दोघंही चार पावलं मागे पळालो. नमुने वाचले, कारण ते घट्ट झाकणाच्या डब्यात होते. भरीत वाचलं नाही. डबा बंद होता, पण त्या वासात तो उघडायची हिंमत कोणाचीच झाली नाही. चोपड्याच्या अलीकडे रस्त्याकडेला खड्डा करून त्याला पुरलं. सर अक्षरशः दोन मिनिटं उभे होते.

टीप : फॉर्मेलीन कधीही बंद गाडीत, काचेच्या बाटलीत नेऊ नका. प्लास्टिकची जाड बाटली, तिच्याभोवती दुसरा डबा, आणि जेवण पुढच्या सीटवर.

खिडक्या उघड्या ठेवून, कानटोप्या घालून दुपारी अनेर धरणाला पोचलो. हे शिरपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, आणि अभयारण्य आहे, त्यामुळे इथे जाळं-बिळं काही नाही, नुसतं बघायचं. आधी वनखात्याकडे चौकशी करून जा. हतनूरपेक्षा पाणी खोल, काठ दगडी, पाणवनस्पती कमी. म्हणजे खाणंही वेगळं. इथे दगडांवरचा शेवाळी थर हेच मुख्य ताट. काठाच्या दगडांवर हात फिरवला तर बुळबुळीत, आणि जागोजागी त्या बुळबुळीत बारीक ओरखडे, जणू कोणी टाचणीने खरवडलंय. माशांच्या ओठांच्या खुणा, सर म्हणाले. मी पंधरा मिनिटं दगडांवरचे ओठच बघत बसलो.

तिथे एक म्हातारे बाबा बकऱ्या घेऊन बसलेले. भुसावळकडची बोली मागे पडली होती, इथे अहिराणी. त्यांनी विचारलं, "कोठेन उनात भाऊ?" सांगितलं. मी जरा फुशारकीने विचारलं, बाबा, इथला मासा कसा आहे? तर म्हणाले, "मासा आते खास नही." मला वाटलं इथला मासा काही विशेष नाही. मी म्हटलं नाही हो, आम्ही काल हतनूरला बघितला, चांगला होता. ते माझ्याकडे बघत राहिले. सर आधी खोकले, मग हसायलाच लागले. अहिराणीत "खास" म्हणजे "खातो". येस म्हणजे येतो, जास म्हणजे जातो, खास म्हणजे खातो. मासा आता खात नाही! सरांची सहा महिन्यांची वही, माझे बत्तीस मासे, सगळं बाबांनी चार शब्दांत सांगितलं होतं आणि मी त्यांनाच समजावत होतो.

मग बाबांनी बसवून घेतलं आणि बरंच सांगितलं. चैत्र-वैशाखात पाणी आटून डबकी उरली की मरळ आणि शिंगाडा माशाची चांदी, कारण बारीक मासा पळणार कुठे. त्याच दिवसांत पहाटे सगळे मासे तोंड वर काढून हवा ओढतात, लोकांना वाटतं भुकेने, पण ती भूक नसते, घुसमट असते. मरळ मात्र तेव्हाही निवांत, ती हवेतला श्वास घेऊ शकते. आमच्या शेततळ्यावर ती पहाटेची तोंडं मी पाहिली होती, आणि त्यांना भुकेलं समजून अजून खाद्य टाकलं होतं. हे मी बाबांना सांगितलं नाही.

रात्री शहाद्याला मुक्काम. शेवभाजी ठीक. लॉजवर गरम पाणी "सकाळी ६ ते ६.२०" अशी पाटी होती आणि ती खरी निघाली.

दिवस चौथा : प्रकाशा

प्रकाशा शहाद्याहून जवळ. तापी आणि गोमाईचा संगम, केदारेश्वराचं देऊळ, लोक दक्षिण काशी म्हणतात. घाटावर मासे आहेत आणि लोक त्यांना कणीक, लाह्या टाकतात. सरांना माझ्यासाठी एक प्रयोग करायचा होता, वहीसाठी नाही.

सकाळी सव्वासात. थर्मामीटर दोरीने सोडला : १९. कणकेच्या लिंबाएवढ्या दहा गोळ्या एकेक करून टाकल्या. पहिल्या दोन गोळ्यांना चिल्लर मासे टोचले आणि निघून गेले. बाकीच्या सरळ तळाला. पायरीवर एक आजी दिवा सोडत होत्या, त्यांना आमची कीव आली असावी. म्हणाल्या, "आते त्या झोपेल शेतस. दुपारले ये बेटा."

मधल्या वेळात देवळं फिरलो, चहा तीन वेळा, गोमाईच्या काठाने चालून आलो. ऊन चांगलं तापलं. दीड वाजता थर्मामीटर २३. पहिली गोळी पाण्याला लागायच्या आधीच पाणी उकळल्यासारखं झालं. दहा गोळ्या मोबाईलवर मोजून ५० सेकंदांत संपल्या, एकही तळाला गेली नाही. फक्त चार अंश. दोन मोठे मासे तर पायरीवर अर्धे चढले, त्यांचे मिशांसारखे बारीक स्पर्शिके दिसले इतक्या जवळ.

टीप : घाटावर मैद्याची बिस्किटं आणि प्लास्टिकच्या पुड्या टाकू नका, खूप पडलेल्या दिसल्या. टाकायचंच तर थोडी साधी कणीक, आणि दुपारी. उन्हाळ्यात जाणार असाल तर पाणी कमी असतं, हिवाळाच बरा.

तिथूनच भावाला फोन केला. थर्मामीटर आण, एक बांबू तळ्यात रोव, दोरीने फूटभर खाली सोड. वीसच्या खाली असेल तर डबा उघडायचाच नाही. वर असेल तर दुपारी एकनंतर, ऑक्टोबरच्या पाव, आणि पाच मिनिटांत संपलं नाही तर दुसऱ्या दिवशी सुट्टी. हा आमचा घरगुती नियम, पुस्तकातला नाही, तुमच्या तळ्याला तुमचा लागेल. त्याने विचारलं, मग उपाशी नाही का राहणार? म्हटलं, नाही, शेवाळ आहे, चालतं त्यांचं.

दोंडाईचा-धुळे-मालेगाव करत रात्री घरी. आता दीड महिना झाला, एकही मासा मेलेला नाही, आणि खाद्याची निम्मी पोती शिल्लक आहेत. डिकीचा वास मात्र गेलेला नाही. लिंबू झालं, कोळसा झाला, कॉफीची पूड झाली, दोन दिवस डिकी उघडी ठेवून उन्हात लावली, बायको अजूनही मागे बसायला तयार नाही. कोणाला खात्रीचा उपाय माहीत असेल तर सांगा.